बिनसणाचं गोड

प्रेरणाने कुकरची शिट्टी काढून ओट्यावर ठेवली, झाकणातली रिंग काढली आणि कुकरच्या तळाशी मिठाचा जाड थर पसरला. उंबऱ्याशी करवंदं निवडत बसलेल्या विठाबाईने मान वर केली. एवढं मीठ कशाला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सुनेची उत्तरं फार गुळगुळीत असायची. त्यापेक्षा गप बघत बसलेलं बरं.

आज सण नव्हता. पाहुणा येणार नव्हता. अख्ख्या कुरवंड्यात कुणाला पोर झालं नव्हतं की कुणी पास झालं नव्हतं. आणि एरवी 'आई, जेवायला या' यापलीकडे फारसं न बोलणारी सून भर दुपारी सासूसाठी गोड करायला बसली होती.

"ह्याला काय म्हनायचं?"

"कॉबलर. बंगल्यावरच्या मॅडमनी शिकवलं. ब्लूबेरी उरली होती, ती पण दिली. कमी पडेल म्हणून तुमची करवंदं घालते."

"दिली, का आनली?"

"दिली, आई." प्रेरणा लोणावळ्याला एका बंगल्यात स्वयंपाकाला जायची. तिने डबी सासूपुढे धरली.

विठाबाईने एक फळ चिमटीत धरून उजेडात फिरवलं. काळंनिळं, डोक्यावर बारीक मुकुट. थेट डोंगरातल्या अंजनीच्या फळासारखं. अंजनी असती तर जीभ आखडली असती, पण हे साधं सरळ गोड निघालं. फळात काही खोट सापडेना, तशी ती जास्तच अस्वस्थ झाली.

प्रेरणाने जर्मनच्या भांड्यात लोणी वितळवलं. त्यावर मैदा, साखर आणि दुधाचं पातळ पीठ ओतलं आणि वरून फळं पसरली.

"ढवळत न्हाईस?"

"ढवळायचं नाही. फळ आपोआप खाली जातं, पीठ वर येतं."

"म्हंजी आत काय हाय, त्ये वरनं दिसायचं न्हाई."

"कापल्यावर दिसतं की," प्रेरणा हसून म्हणाली, आणि भांडं कुकरमध्ये ठेवून झाकण लावलं.

विठाबाईचं गोडाशी काही वाकडं नव्हतं. पण बारा वर्षांपूर्वी तिचा दीर बाजीराव असाच पेढे घेऊन आला होता. पेढा तोंडात विरघळायच्या आत त्याने एका कागदावर तिचा डावा अंगठा घेतला. विजेचा अर्ज आहे म्हणाला. वीज आली नाही, खालचं भाताचं खाचर मात्र गेलं. आता तिथे निळ्या फरशीची टाकी होती आणि शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिच्यात डुंबत. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकणारच.

आता तिच्या एकटीच्या नावावर वरचा माळ तेवढा उरला होता. सकाळी करवंदं तिथूनच तोडून आणली होती. जाळीची फांदी डाव्या हाताने धरायची आणि उजव्याने तोडायचं. त्या चिकाने दोन्ही हातांची बोटं काळी पडली होती. माळ विकायचा विषय निलेशने दिवाळीपासून दोनदा काढला होता. दोन्ही वेळा ती उठून गोठ्यात गेली. तिसऱ्यांदा लेकाने विषयच काढला नाही, आणि तेव्हापासून तिची झोप पार उडाली होती.

पाऊण तासाने कुकर उघडला. वर सोनेरी पापुद्रा आला होता आणि कडेकडेने जांभळा रस बुडबुडत होता. प्रेरणाने ताटलीत मोठा तुकडा वाढला. विठाबाईने आधी वास घेतला, मग कोपरा मोडला. करवंदाचा आंबटपणा, खाली लोण्यात भिजलेला मऊ लगदा. तिने ताटली रिकामी केली आणि पुढे सरकवली. प्रेरणाने दुसरा तुकडा वाढला.

"ह्यांनी उद्याची सुट्टी टाकलीय," प्रेरणा म्हणाली. "तालुक्याला, वडगावला नेऊन तुमचे डोळे तपासून आणू म्हणतायत. उन्हाळाभर पाणी गळतंय ना."

विठाबाईचा घास हातातच राहिला. डोळ्याचं ती लेकाला फक्त एकदा बोलली होती, तेही चैत्रात. पोराने ते लक्षात ठेवलं होतं. आणि आपण सकाळपासून या पोरीच्या मिठावरसुद्धा पाळत ठेवून बसलोय. तिला स्वतःची लाज वाटली.

"झ्याक झालंय," ती म्हणाली. "निलेशला ठीव."

प्रेरणा उठली आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. सासूपुढे मांडी घालून तिने तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला.

"करवंदाचा चीक पाण्याने जात नाही, आई. तेल लावते."

नवरा गेल्यापासून विठाबाईचा हात असा कुणी हातात धरला नव्हता. तिने डोळे मिटून घेतले. प्रेरणा हळूहळू चोळत होती. फडक्याने पुसायची, दाराच्या उजेडात धरून बघायची, पुन्हा तेल लावायची. नखाच्या टोकाने रेघारेघांतला काळेपणा काढायची.

बराच वेळ ती एकाच जागी चोळतेय, हे लक्षात आल्यावर विठाबाईने डोळे उघडले.

चिकाने काळा आणि रसाने मनगटापर्यंत जांभळा झालेला तिचा उजवा हात ताटलीत तसाच पडला होता. सुनेने धरला होता तो डावा हात. त्याची चार बोटं अजून काळीच होती. अंगठा तेवढा लख्ख झाला होता.

तिने हात ओढून घेतला नाही.

"प्रेरणा," ती हळूच म्हणाली, "डोळं तपासाया अंगठा लागतुया व्हय गं?"