विहीण म्हणायला तिघी

"एन्ट्रीला तेलुगू, केक कापताना हिंदी, जेवताना नुसतं म्युझिक. झालं. खतम." बबलूनं लॅपटॉप आईकडे फिरवला.

डीजेवाल्याचा भाव ऐकून घर दोन दिवस गप्प होतं. म्हणून बहिणीच्या, राणीच्या रिसेप्शनची गाणी आता बबलूच्या लॅपटॉपवर आणि त्याच्या दोस्ताच्या स्पीकरवर आली होती. हॉलही अंबरपेठेतच, मिठाईच्या दुकानावरचा.

कुसुमताई कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि विहीण?"

"ते काय आता?"

"पंगतीत म्हणतात ते रे. मुलाच्या आईसाठी गाणं. आमची लेक सांभाळा म्हणून."

"आई, पद्मावती आंटी तेलुगू आहेत. त्यांना काय घंटा समजणार?"

"त्यांना समजावं म्हणून कोण म्हणतंय?"

बबलूनं डोकं खाजवलं. "बरं, तू म्हण मग. माइक देतो."

चपला घालून देवघरात शिर, असं त्यानं म्हटल्यासारखं कुसुमताईंनी त्याच्याकडं बघितलं. "मुलीची आई विहीण म्हणत नसते. बाकीच्या बायका म्हणतात. आईनं डोक्यावर पदर घेऊन बसायचं नि ऐकायचं. रडू आलं तर रडायचं."

"मग बुलाव ना बायकांना. कायकू टेन्शन लेते?"

त्यांनी हात पुसले आणि फोन घेतला. ओळखीतल्या प्रत्येक लग्नात विहीण म्हणणाऱ्या बायका ठरलेल्या, तिघी.

हिमायतनगरची सुलभा आता मुलाकडे बंगळूरला होती. लग्नाला येणं जमत नाही म्हणाली, नातवाची परीक्षा. नणंदेला लावला. सत्यवतीवन्सं खोकत खोकत म्हणाल्या, "येते गं, पण गायला नको सांगूस. दोन ओळीत दम लागतो." तिसरी मनकर्णा. ती तर श्रावणातच गेली.

मग भाचीला, शिल्पाला. शिल्पा लगेच तयार. "म्हणते ना मामी! इंग्लिश अक्षरात टाइप करून पाठवा, बघून म्हणते."

"राहू दे गं," कुसुमताई म्हणाल्या.

तेवढ्यात राणीचाच फोन आला. ती सुलतान बाजारात बांगड्या बघत होती. मागं बसचा हॉर्न. "आई, बबलूनं सांगितलं. होऊ दे ना, पण दोन मिनिटंच हं. ऑफिसचे लोक येणार आहेत."

"दोन मिनिटंच," कुसुमताई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या कोथिंबिरीकडं बघत बसल्या. निवडलेली निवडायला लागल्या परत.

बबलू आतून गोधडी घेऊन आला. "चल. रेकॉर्ड करू. हॉलमध्ये तू नाही गाणार, स्पीकर गाणार. चालतं ना असं?"

कुसुमताईंनी कोथिंबीर बाजूला सारली.

त्यानं पंखा बंद केला, खिडकी लावली. आईला पलंगावर बसवून हातात मोबाइल दिला आणि डोक्यावरून गोधडी टाकली. "आवाज घुमत नाही यानं. यूट्यूबवर शिकलो."

"मरते की रे मी इथं."

"दोन मिनिटं, आई. शुरू."

आतून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग गाणं.

*लेक माझी झोपाळू, विहीणबाई, हाक हळू मारा…*

संपल्यावर बबलूनं ऐकून बघितलं. तोंड वाकडं केलं. "एकटीच वाटते गं. बायका पाहिजेत ना? परत म्हण. मी एकावर एक चढवतो, घोळका झाल्यासारखं वाटेल."

गोधडीखाली कुसुमताईंनी घसा खाकरला.

दुसऱ्यांदा आवाज जाडा आला, नाकातून. बबलूला हसू आलं. लहानपणी गणपतीत ऐकलेला सुलभामावशीचा आवाज. तिसऱ्यांदा प्रत्येक ओळ मध्येच तुटत होती, श्वास घ्यायला थांबत होती. चौथ्यांदा सूर छान लागला, पण शब्द सारखा मागं पडत होता. जणू आधी दुसऱ्या कुणी म्हणायचं, मग आठवल्यासारखं हिनं म्हणायचं.

"आई, हे लेट येतंय. परत घेऊ?"

"नको," गोधडीतून आवाज आला. "मनकर्णा अशीच म्हणायची."

कुसुमताई बाहेर आल्या तेव्हा केस कपाळाला चिकटले होते. बबलूनं चारी आवाज एकाखाली एक लावले, दोन-तीनदा पुढंमागं सरकवले, आणि म्हणाला, "सुन अब. एकदम फुल पार्टी."

"थांब. पहिला काढ."

"पहिला? तोच तर सगळ्यात क्लीन आहे. कायकू?"

"काढ म्हणते ना. तो माझा आहे."

"सगळे तुझेच आहेत ना, आई!"

"नाही," कुसुमताई म्हणाल्या. "तेवढा माझा."

बबलूनं पहिल्या आवाजाची पट्टी पुसून टाकली.

कुसुमताईंनी खाली सतरंजी टाकली. भिंतीला टेकून, पाय दुमडून बसल्या. कोथिंबिरीची देठं साडीवरून झटकली. पदर डोक्यावर घेतला, कपाळाच्या जरा पुढं ओढला.

"लाव आता."

तिघी गायला लागल्या. मनकर्णाचा शब्द, नेहमीसारखाच, मागून आला.