बिनकामाच्या फायली

मंगळवार पेठेतल्या घरी माडीवर ख्वाजाभाईंचं रेकॉर्डिंग चालायचं. गाणं ऐन रंगात आलं, की खालून अमीरबीची हाक यायचीच, "अवो, च्या गार झाला की!" झालं, टेक वाया. असल्या वाया गेलेल्या टेकनी कॉम्प्युटर इतका भरला, की नव्या गाण्याला जागाच उरली नाही.

"पूस तुझ्या अम्मीचा सगळा आरडाओरडा!" ख्वाजाभाई पोरावर, उजैरवर, खेकसले.

उजैरनं आधी सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढली. मग कुठल्याच गाण्यात न वापरलेल्या फायली तेवढ्या कॉम्प्युटरला शोधायला लावल्या. अम्मीच्या हाका धडाधड पडद्यावर आल्या. एक मात्र आलीच नाही.

"अब्बा, ही एक हाक गाण्यात लागलीया."

अब्बा मान खाली घालून माइकची वायर गुंडाळायला लागले.

गाणं होतं वरातीचं. ज्या जागी हमखास शिट्ट्या पडतात, नेमकी तिथंच ती फाइल होती. उजैरनं गाण्यातली ढोलकी बंद केली, हलगी बंद केली, आणि तळाशी बारीक आवाजात ऐकू आलं, "अवो, च्या गार झाला की!"

"चुकून ऱ्हायली वाटतं. काढू?"

"हात लावू नगंस." ख्वाजाभाईंनी मान वर केली नाही. "तू जेवायला गेलतास, तवा मीच घातली. तिच्याबिगर गाणं उचलंनाच."

तेवढ्यात खालून आवाज आला, "अवो, च्या वतलाय!"

उजैर उठायला लागला. ख्वाजाभाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"गार होऊ दे. रेकॉर्डिंग लाव."