डाव्या हाताची कुऱ्हाड

घिसाडणीने मांडलेल्या कुऱ्हाडींतून रेवतीने कमरेच्या पट्ट्याला लटकेल अशी, सगळ्यात लहान उचलली. उद्यापासून ती वनरक्षक म्हणून रानात एकटी गस्त घालणार होती.

"दांडा धामणीच्या लाकडाचा घाल, जरा आखूड."

"घालते. धार एकाच अंगाने लावीन. उजवा हात की डावा?"

"उजवा," रेवतीच्या आधी तिची आई, द्वारकाबाईच बोलल्या. लेक डावखुरी. देवाच्या ताटाकडे गेलेला तिचा डावा हात त्या लहानपणापासून हळूच मागे सारत आल्या होत्या.

कुऱ्हाड तयार झाल्यावर रेवतीने उजव्या हाताने ओंडक्यावर घाव घातला. पातं सटकलं आणि नडगीच्या अगदी जवळून गेलं.

"रानात असं झालं तर कोण उचलणार गं तुला, कोल्हे?" घिसाडण कडाडली.

द्वारकाबाईंच्या ओठांवरचा जप थांबला. "धार फिरवून दे, बाई. डाव्या हाताची कर."

रेवती बघतच राहिली. "आणि आई, नैवेद्य?"

"तो उजव्याच हाताने," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण तो दाखवायला तू आपल्या पायांनी घरी यायला हवीस ना!"