बिरुदेवांचा प्रश्न

पडद्यावर दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांत घुसलेले दिसत होते आणि पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई चष्मा सावरत ते निरखत होत्या. पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा. वैजयंतीचा जीव टांगणीला लागला होता.

"समूह आदळले की दीर्घिकांमधला वायू उडून जातो, तारे जन्मणं थांबतं," बाई अखेर म्हणाल्या. "तुमच्याकडं उलट वाढलेलं दिसतं. कसं पटावं?"

"आधी वायू दाबला जातो, मॅडम. तेव्हा तारे भराभर जन्मतात. वायू संपला की मग थांबतात."

बाईंनी नुसती मान हलवली. होकार की नकार, देव जाणे. पाच वर्षांचं काम त्या मानेवर अडून होतं.

मार्गदर्शक पंचाक्षरी सरांनी श्रोत्यांना रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" हे नुसतं म्हणायचं असतं. विचारत कुणीच नसतं, बाहेर चहा आलेला असतो.

पण मागच्या रांगेतून बिरुदेव उठले. वैजयंतीचे वडील, मेंढरं भावाच्या हवाली करून सकाळच्या एसटीनं मंद्रूपहून आलेले. आता अप्पा काय बोलतात आणि कोण कोण हसतं!

"दोन कळप एकात घुसले की मोजताना लोकाची मेंढरंबी आपल्यात येत्यात. आमी खूण बघून काडतो. ह्या तुज्या फोटूत लांबची, जवळची, सगळी एकाच जागी दिसत्यात की. परकी कशी काडलीस?"

कुणी हसलं नाही. वैजयंतीनं कपाळावर हात मारून घ्यायचाच बाकी ठेवला. हेच तर सांगायचं राहिलं होतं!

"परतेकीचं अंतर मोजलं, अप्पा. एकतीस अलीकडच्या-पलीकडच्या निघाल्या, त्या काडून टाकल्या." मग ती बाईंकडं वळली. "त्या वगळूनही तारे जन्मण्याचा वेग न आदळलेल्या, शांत समूहांपेक्षा जास्तच भरतो, मॅडम. तक्ता परिशिष्टात आहे."

बाईंनी पानं उलटली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

"मला हेच खटकत होतं. आता शंका नाही. अभिनंदन, डॉक्टर वैजयंती!"

टाळ्या वाजल्या. वैजयंतीनं लगेच मागच्या रांगेकडं पाहिलं.

बिरुदेव मात्र अजून उभेच होते.

"आणखी काही विचारायचंय का?" बाईंनी अदबीनं विचारलं.

"न्हाय, मॅडम. लेकरू दोन तास हुबं हाय. आदी तिला घोटभर पानी द्या."