ग्राह्य नाही

"तुमच्या लिफ्टचं दार घासतंय हं," असं म्हणतच बाप आत आला. मागून मुलगी. बाप लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा. कामावरून तसाच निघून आला होता, म्हणून खुर्चीवर टेकण्याआधी त्याने पँट मागून झटकून घेतली.

परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणाऱ्या त्या ऑफिसात मॅडमचं टेबल साहेबांच्या केबिनला लागूनच होतं. मध्ये नुसती काच. फोनवर मॅडम 'दोघं येऊन जा' एवढंच म्हणाल्या होत्या. आता समोरचे दोन फुललेले चेहरे बघून त्यांच्या लक्षात आलं, की यांनी त्याचा भलताच अर्थ काढलाय.

"मग ताई, कधी निघायचं हिने?"

"काका, व्हिसा नाकारलाय."

बाप हसतच राहिला. ऐकलेलं आत पोचायला त्याला जरा वेळ लागला.

मॅडमनी समजावून सांगितलं. मुलीने इंग्रजीची जी परीक्षा दिली, ती कॉलेजला चालते. पण व्हिसा देणाऱ्या कचेरीने मान्य केलेल्या परीक्षांत ती बसत नाही.

"अहो, पण मार्क तर झकास पडलेत!"

"मार्कांचा प्रश्नच नाही काका. प्रमाणपत्रच ग्राह्य नाही."

"म्हणजे हिला इंग्रजी येतं हे कॉलेजला पटलं, आणि सरकारला नाही पटलं?"

"तसंच समजा. दुसरी परीक्षा देता येईल. पण तिचा निकाल येईपर्यंत तिकडे वर्ग सुरू झालेले असतील. ही जागा जाणार."

बापाने मुलीकडे पाहिलं. ती नर्स होती. मागच्याच आठवड्यात तिने नोकरीचा राजीनामा दिला होता, आणि वॉर्डातल्या बायकांनी वर्गणी काढून तिला चाकांची मोठी बॅग घेऊन दिली होती. मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"मग ही परीक्षा द्या म्हणून सांगितलं कुणी?" बापाने विचारलं. विचारण्यात खोच नव्हती. मशीन बंद पडलं की कुठली वायर सुटली ते बघावं, तसं तो बघत होता.

कुणी सांगितलं ते मॅडमना चांगलं ठाऊक होतं. याच टेबलाशी मुलीने विचारलं होतं, "मॅडम, ही सगळीकडे चालते ना?" आणि दुसऱ्या कुणाचा तरी फोन कानाला लावलेल्या मॅडमनी हातानेच 'हो हो' केलं होतं. फोन ठेवल्यावर वर म्हणाल्या होत्या, "अगं, घरबसल्या देता येते, निकालही लगेच. बिनधास्त दे." नियम उघडून बघायला मिनिटभर पुरलं असतं.

काचेपलीकडे साहेबांची खुर्ची करकरली.

"मी हिला सांगितलं होतं, व्हिसाचे नियम एकदा तपासून घे म्हणून," मॅडम म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं, की आपण हे म्हणालो. आणि आता मागे येणं नको म्हणून त्या आणखी पुढे गेल्या. "आठवतंय ना गं?"

मुलीने मान वर केली. ती बराच वेळ मॅडमकडे बघत राहिली. रागाने नाही. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघावी, तशी.

मग म्हणाली, "हो. माझंच चुकलं."

"चुकलं?" बापाचा आवाज चढला. "अगं, रात्रंदिवस पेशंटच्या गोळ्या वाचून देतेस, आणि स्वतःचं म्हटल्यावर एवढं वाचता आलं नाही तुला? ताईंनी जीव तोडून मेहनत घेतली, ती मातीत घातलीस!" तो मॅडमकडे वळला आणि त्याने हात जोडले. "माफ करा ताई. पोरगी हुशार आहे, पण जरा वेंधळी आहे."

आता बोलावं, असं मॅडमना वाटलं.

"असू द्या हो काका," त्या म्हणाल्या.

"असू द्या कसं? ऊठ गं. ताईंची माफी माग. आणि इंग्रजीत माग. त्यांनाही कळू दे, आमचं माणूस इंग्रजीत कच्चं नाही ते."

मुलगी उठली. पर्सचा पट्टा तिने खांद्यावर नीट केला. आणि पेशंटच्या नातेवाइकांना समजावतात तशा हलक्या, स्वच्छ आवाजात ती इंग्रजीत बोलू लागली.

"मॅडम, ती परीक्षा तुम्हीच द्यायला सांगितली होती. आत्ता तुम्ही तसं म्हणाल, म्हणून मी थांबले होते. मी भांडले असते, तर बाबांनी सगळा दोष स्वतःला लावून घेतला असता, कारण मला तुमच्याकडे त्यांनीच आणलं. त्यांनी आमच्या शेजारच्या मुलीलाही तुमच्याकडे पाठवलंय. तिच्या वेळी तरी कृपा करून नियम बघा. थँक यू, मॅडम."

ती खाली बसली. काचेपलीकडे आता काहीच आवाज नव्हता.

बाप पुढे झुकून मुलीच्या तोंडाकडे बघत होता. त्याचा राग कधीच उतरला होता.

"बघितलंत ताई? पाण्यासारखं बोलते. मला ओ की ठो कळलं नाही, पण मनापासून बोलली एवढं कळलं. हो की नाही?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "मनापासून."