पाहणीला आलेला पाहुणा

हामूंगा साहेब खुर्चीत बसले तशी लुयांदोनं आईकडे पाहिलं.

लाल मखमली खुर्ची. पुढ्यात टेबल, टेबलावर फुलाफुलांची ताटं. जिल्ह्याच्या कचेरीतून साहेब आले होते ते गरिबी बघायला. घर गरीब आहे असं त्यांनी लिहिलं, तर लुयांदोच्या वसतिशाळेचा खर्च सरकार उचलणार. नाही लिहिलं, तर आठवीच्या दारातूनच पोरीनं माघारी फिरायचं. आणि आईनं घर कसं सजवलं होतं बघा! पण ती तरी काय करणार? आमच्या मुलखात पाहुण्याला भुईवर बसवलं, तर अख्ख्या भावकीचं नाक कापलं जातं.

"बरं चाललंय की तुमचं," साहेब नजर फिरवत म्हणाले. "हे सगळं घरचंच?"

"मग काय शेजारचं?" आई हसली. "काहीतरीच बाई विचारता तुम्ही!"

साहेबांनी कागदावर लिहिलं आणि पेन खिशात ठेवलं. लुयांदोनं गुडघ्यांवर बसून त्यांच्या हातावर पाणी घातलं. आईनं मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा वाफाळता गोळा वाढला, बाजूला कोंबडीचा रस्सा. सांगून टाकावं, असं लुयांदोच्या ओठांवर आलं होतं. पण पाहुण्यासमोर आईला खोटं पाडायचं? पोर उठली आणि मागच्या बाजूनं शेजारच्या घराकडे पळत सुटली.

साहेबांचे चार घास होतात न होतात तोच शेजारची बुबाला दारात येऊन उभी राहिली.

"लुयांदोची आई, माझी खुर्ची दे."

"आत्ता? अगं, पाहुणे बसलेत!"

"दिसतंय मला. उठा साहेब. टेबलही माझं आणि ताटं माझ्या जावेची."

आईचा चेहरा उतरला. "साहेब, हिचं मनावर घेऊ नका. हिला आमचं चांगलं कधी बघवलंच नाही."

"नाहीच बघवत!" बुबाला ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "आजच्या दिवस तरी मुळीच नाही बघवत!"

साहेब ताट हातात घेऊन उठले. बुबालानं टेबल दाराबाहेर काढलं, खुर्ची डोक्यावर घेतली आणि मागं वळूनही न बघता निघून गेली. धापा टाकत दारामागं उभ्या लुयांदोकडे आईनं एकदाच पाहिलं. पोरीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

आईनं कोपऱ्यातली फाटकी चटई ओढून अंथरली.

"बसा साहेब. जेवण टाकून उठू नये."

साहेब बसले. हात रश्श्यानं भरलेला, म्हणून त्यांनी पिशवीतला कोरा कागद कोपरानंच लुयांदोकडे सरकवला.

"पेन घे माझ्या खिशातलं. मी विचारतो, तू लिही. खुर्च्या?"

"नाहीत," आई म्हणाली.

"टेबल?"

"नाही."

"गाईगुरं?"

"नाहीत."

"कोंबड्या?"

आईनं साहेबांच्या ताटातल्या रश्श्याकडे पाहिलं.

"सकाळपर्यंत एक होती."