पट्ट्यांची खुर्ची

मुलांना खुर्चीला बांधून 'सरळ' करणारं ते केंद्र आईनं अखेर बंद पाडलं होतं. त्यासाठी तिनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, लोकांनी वेडी म्हटलं तेही ऐकून घेतलं. आज ती ताठ मानेनं लेकीला ती खोली दाखवायला आली होती.

लेक बोलत नसे, बोटांनी टकटक करी. तीच सवय मोडायला इथं तिचे हात बांधले जात.

"आता कुणाची टाप आहे गं तुझे हात धरायची!" आई म्हणाली.

लेकीनं भिंतीवर टकटक केली. रिकाम्या खुर्चीतून तशीच टकटक परत आली.

"खोली रिकामी आहे ना ताई, घुमतंय," दारातला रखवालदार म्हणाला.

लेक थांबली. टकटक थांबली नाही.

खुर्चीचा एक पट्टा आपोआप सुटला, मग दुसरा. लेक हसत पुढे झाली आणि कुणाचा तरी हात धरावा तशी तिची बोटं हवेत मिटली.

"चल, माझी वाघीण," आई कशीबशी म्हणाली. तिनं लेकीचा दुसरा हात घट्ट धरला.

आईचा एक हात अजून मोकळा होता. त्याच्या तळव्यावर कुणीतरी हळूच टकटक केली.